केबलचं दुसरं टोक

अ‍ॅपलचा छोटा डेस्कटॉप संगणक मॅक मिनी नव्या रूपात येणार अशी कुणकुण लागली, की प्रोसेसरबद्दल दोन-चार दिवस बोलणं होतं आणि थांबतं. तो आधीच्यापेक्षा वेगवान असणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. खरी जुंपते ती पोर्टवरून, म्हणजे वायरी खोचायच्या जागांवरून. २००९-१० च्या सुमाराला टीव्ही जोडायचं एचडीएमआय मिळणार का, ब्लू-रे ड्राइव्ह बसवणार का, कॅमेरे आणि डिस्क जोडायचं फायरवायर ठेवणार की काढणार, यावरून माणसं हातघाईवर आली होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नवा मिनी पुष्कळ लहान होणार अशी बातमी ब्लूमबर्गनं दिली आणि पाठोपाठ यूएसबी-ए, म्हणजे पेनड्राइव्हचं रुंद चौकोनी टोक बसतं तो पोर्ट, जाणार अशी चर्चा सुरू झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पुढचा मिनी कधी ना कधी येईल, आणि त्याच्याही आधी त्याच्या पोर्टची चर्चा येईल.

हा वाद म्हणजे हौशी मंडळींचा रिकामटेकडा उद्योग, असं म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या टेबलावरच्या यंत्राला काय जोडता येईल हे कोण ठरवणार आणि जोडता आलं नाही तर भुर्दंड कोणी भरायचा, हा सार्वजनिक प्रश्न आहे. शाळेच्या संगणक कक्षाला, सीएच्या ऑफिसला, नाटकाच्या ग्रुपला, हॉस्पिटलची सीडी हातात घेऊन फिरणाऱ्या पेशंटला तो सारखाच लागू होतो. आणि त्याचं उत्तर शोधताना आपण मोजतो ती गोष्टच चुकते आहे, असं माझं म्हणणं आहे. पोर्ट जुना झाला की नाही हे संगणकाकडे बघून ठरवलं जातं. ते केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे आणि ते अजून किती वर्षं चालणार आहे, यावरून ठरायला हवं.

२००५ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला मॅक मिनी दाखवला तेव्हा त्याची किंमत ४९९ डॉलर होती. ती इतकी कमी ठेवता आली, कारण मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस ज्याचा त्यानं आणायचा होता. त्या मिनीच्या मागे दोन यूएसबी, एक फायरवायर, मॉनिटरसाठी डीव्हीआय, इथरनेट आणि चक्क टेलिफोन लाइनचा मोडेम होता. पुढे सीडी आत ओढून घेणारी खाच होती. मॉनिटर जुना असेल तर अडायला नको म्हणून डीव्हीआयचं जुन्या पद्धतीचं व्हीजीए करून देणारा अडॅप्टर खोक्यातच मिळायचा. २०१० साली मिनीला एचडीएमआय आलं, तेव्हा डीव्हीआयवाल्यांसाठीही एक अडॅप्टर खोक्यात होता. घरात आहे ते वापरा, बदलायचा तो डबा आम्ही देतो, हा या यंत्राचा मूळ करार होता.

मिनीवरच्या यूएसबी-एचा हिशेब मांडला, तर करार कसा पातळ होत गेला ते दिसतं. २००५ साली दोन, २००६ साली चार, २००९ साली पाच. २०१० ते २०१४ चार. २०१८ साली पुन्हा दोन. २०२४ साली एकही नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आजही ज्याचा त्यानंच आणायचा आहे. पण घरातला वायरचा कीबोर्ड आणला, तर तो लावायला जागा नाही, आणि खोक्यात मिनी आणि पॉवर कॉर्ड सोडून काही नाही. भारतात हे यंत्र ५९,९०० रुपयांपासून सुरू झालं. म्हणजे पैसे मोजल्यावर पहिली खरेदी अडॅप्टरची.

जागाच नव्हती, असं उत्तर दिलं जातं. साडेसात इंचांहून मोठा असलेला डबा पाच इंचांवर आणला, हे कौशल्य खरंच आहे आणि त्याचं कौतुक व्हायला हवं. पण इंटेलचे एनयूसी नावाचे छोटे संगणक आठवा. त्यांचा मदरबोर्ड जेमतेम चार इंच बाय चार इंच, तरी यूएसबी-ए पुढेही होते आणि मागेही. २०२३ साली इंटेलनं तो धंदा सोडला आणि आसूसनं तो पुढे चालवायला घेतला. पुण्यात संगणकांची दुकानं असलेल्या तपकीर गल्लीपासून मॉलमधल्या दुकानापर्यंत जे मिनी पीसी मांडलेले असतात, त्यांतल्या बहुतेकांना यूएसबी-ए असतातच. जागा होती. ती कशासाठी वापरायची हा निर्णय होता.

आणि हा निर्णय लॅपटॉपच्या निर्णयापेक्षा वेगळ्या मापानं मोजायला हवा. लॅपटॉप पाठीवर घेऊन हिंडायचा असतो. तिथे मिलिमीटर आणि ग्रॅम यांना किंमत आहे, दोन पोर्ट कमी झाले तर त्या बदल्यात काहीतरी हातात पडतं. डेस्कटॉप एकदा टेबलावर ठेवला की ठेवला. त्याला कायम पाच-सहा वायरी लागलेल्या असतात, आणि त्या लागाव्यात म्हणूनच तो घेतलेला असतो. त्याच्या मागचा एक पोर्ट काढून वापरणाऱ्याला काय मिळालं, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ. नवी पेठेतल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात सप्टेंबरअखेरीला जाऊन पाहा. टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असते. टेबलाच्या खणात अंगठ्याएवढी टोकनं एका डबीत ठेवलेली असतात, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं क्लायंटचं नाव. ही डिजिटल सही. कंपनीचं रिटर्न भरायचं, तिचे फॉर्म पाठवायचे, महाटेंडर्स या राज्य सरकारच्या पोर्टलवर निविदा भरायची, तर हे टोकन संगणकात खोचून पासवर्ड टाकावा लागतो. बाजारातली ही टोकनं जवळजवळ सगळी यूएसबी-ए आहेत. त्यातली सहीची गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही, कॉपी करता येत नाही. तशी ती येऊ नये यासाठीच ते टोकन बनवलेलं असतं. त्यामुळे ‘क्लाउडवर टाका की’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. ही वस्तू त्या भोकातच जाते.

दिवाळी अंकाची अक्षरजुळणी करणाऱ्यांकडेही हेच. मराठी टायपिंगच्या आणि फॉन्टच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचं लायसन्स वर्षानुवर्षं एका यूएसबी लॉकमध्ये येत आलं आहे. लॉक लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. नारायण पेठेत डीटीपी करणारे एक काका माझ्या परिचयाचे आहेत. ते लॉक संगणकातून कधीच काढत नाहीत, कारण ते हरवलं तर अंकाचं सगळं काम ठप्प. त्यांनी दोनदा संगणक बदलला, लॉक तेच आहे.

कोणी म्हणेल, ही मंडळी विंडोजवर काम करतात, मॅक मिनीशी त्यांचा संबंध काय? संबंध आहे. अ‍ॅपलनं एखादी गोष्ट काढली, की आधी बाकीचे तिची टर उडवतात आणि काही वर्षांत स्वतःही तेच करतात. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक गेला तेव्हा हेच झालं. आज महागड्या अँड्रॉइड फोनमध्ये तो जॅक सहसा सापडत नाही. म्हणून मिनीच्या पाठीमागे काय होतं, याकडे मिनी कधीच न घेणाऱ्यानंही लक्ष ठेवावं.

फायरवायरची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती आमच्या नाटकाच्या ग्रुपच्या दारातून गेली आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मिनी डीव्ही कॅमेरे निघाले आणि दशकाच्या शेवटापासून पुढची दहा-बारा वर्षं पुण्यातली लग्नं, मुंजी, गाण्याच्या खासगी बैठकी, एकांकिका, सगळं त्या काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या कॅसेटवर उतरलं. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेसाठी भरत नाट्य मंदिरात कॉलेजं जी नाटकं करतात, त्यांच्या तालमीही कोणी ना कोणी चित्रित करून ठेवायचं. अशा कॅसेटचा एक खोका आमच्याकडेही आहे. त्यातलं चित्रण डिजिटल आहे, पण ते पेनड्राइव्हसारखं ओढून घेता येत नाही. कॅमेऱ्यात कॅसेट घालून चालवायची आणि ती चालत असताना फायरवायरमधून संगणकात उतरवून घ्यायची. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा. कॅमेऱ्यांना यूएसबीही असायचं, पण बहुतेकांच्या यूएसबीवरून फक्त फोटो यायचे. टेपवरचं चित्रण जसंच्या तसं हवं, तर फायरवायर.

२०१२ च्या मिनीला फायरवायर होतं. २०१४ च्या मिनीवरून ते गेलं. त्यानंतर जी साखळी जुळवावी लागली, ती अशी: कॅमेऱ्याच्या चार पिनांच्या भोकातून निघालेली केबल, दुसऱ्या टोकाला नऊ पिना. त्या फायरवायरचं थंडरबोल्ट या वेगवान पोर्टमध्ये रूपांतर करणारा पांढरा अडॅप्टर. तो थंडरबोल्ट जुन्या आकाराचा, म्हणून २०१८ पासूनच्या मिनीला त्याचं नव्या यूएसबी-सी आकारात रूपांतर करणारा आणखी एक अडॅप्टर. मग मिनी. यातला एक सांधा जरा सैल झाला, की चाळिसाव्या मिनिटाला चित्र तुटतं आणि कॅसेट मागे गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरी हे चालत होतं. चालत होतं म्हणून लोक सहन करत होते. २०२५ साली मॅकओएस टाहो ही मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली आणि त्यातून फायरवायरचा आधारच काढून टाकला गेला. आता अडॅप्टर कितीही असोत, पलीकडच्या टोकाला ओळख द्यायला कोणी नाही. महागडे आणि उत्तम चाललेले फायरवायरचे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्यं संगणकाला जोडणारे डबे, ज्यांनी घरच्या स्टुडिओत जपले, त्यांचीही हीच गत झाली.

पुण्याचा पावसाळा टेपला मानवत नाही. बंद कपाटात बुरशी धरते. कॅमेऱ्याचं हेड झिजतं आणि ते दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चाललेत. म्हणजे कॅसेटला काही वर्षं उरली असताना, ती वाचणारा रस्ता आधीच बंद करण्यात आला. त्यासाठी २०१२ चा मिनी सांभाळून ठेवणारे लोक आहेत. तो कॅटालिना या मॅकओएसच्या जुन्या आवृत्तीपलीकडे जात नाही, सुरक्षेची अपडेट केव्हाच थांबली आहेत, म्हणून त्याला इंटरनेटपासून तोडून फक्त या कामासाठी ठेवतात. हे शहाणपणाचंच आहे. पण एखाद्या शहराची दहा-बारा वर्षांची आठवण अशा कपाटातल्या जुन्या यंत्रांच्या भरवशावर असावी, हे मला भयंकर वाटतं.

तर मग काहीच काढू नये का? तसं मी म्हणत नाही, आणि या मुद्द्यावर पोर्टप्रेमी मंडळींशी माझं पटत नाही. मोडेम गेला ते योग्यच झालं, कारण दुसऱ्या टोकाची डायल-अप सेवाच संपत चालली होती. व्हीजीए १९८७ चं. २०१० च्या डिसेंबरमध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो यांनी ते टप्प्याटप्प्यानं काढू असं जाहीर केलं आणि २०१५ ची मुदत आधीच सांगून ठेवली. आजही कॉलेजच्या वर्गांत छताला टांगलेले प्रोजेक्टर व्हीजीएवर चालताना दिसतात, त्यांना अडॅप्टर लावून भागतं. माझा आक्षेप त्यावर नाही, कारण चार-पाच वर्षं आधी सांगितलं होतं आणि प्रोजेक्टर बदलायला वेळ मिळाला होता. सांगून काढणं आणि एका सकाळी मंचावरून जाहीर करणं यांत खूप फरक आहे.

फ्लॉपीचा दाखला या वादात हटकून येतो. १९९८ च्या आयमॅकनं फ्लॉपी काढली, तेव्हाही लोक असेच ओरडले होते आणि शेवटी अ‍ॅपलच बरोबर ठरली, असं सांगितलं जातं. दाखला खरा आहे, पण इथे बसत नाही. फ्लॉपीवरचा मजकूर एकदा हार्ड डिस्कवर उतरवला की फ्लॉपीची गरज संपत होती. सहीचं टोकन, सॉफ्टवेअरचं लॉक, संगीताचा मिडी कीबोर्ड, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, स्कॅनर यांना ‘उतरवून घेणं’ असा प्रकारच नाही. ती रोज लागणारी साधनं आहेत. आणि मजेची गोष्ट, त्याच आयमॅकनं जुने पोर्ट काढून जो आणला, तो यूएसबी-एच होता. त्याच्या जोरावर गेल्या पाव शतकात जगानं जेवढी साधनं बनवली, तेवढी दुसऱ्या कुठल्याही पोर्टसाठी बनली नसतील. त्याचं वय मोजताना हा पसारा मोजायला हवा.

सीडी-डीव्हीडीच्या बाबतीत मात्र मी अ‍ॅपलच्या बाजूनं आहे. २०११ साली मिनीतून ड्राइव्ह काढला, त्याला तेव्हा मोठा विरोध झाला. ब्लू-रे तर मिनीत कधी आलंच नाही. त्याच्या परवान्यांची कटकट नको, असं जॉब्स यांनी २००८ सालीच बोलून दाखवलं होतं. पण ड्राइव्हमध्ये फिरणारे भाग असतात, ते बिघडतात, आणि बाहेरून जोडायचा ड्राइव्ह स्वस्तात मिळतो. तबकडी वाचायचं काम त्यानं होतं. अट एकच, तो जोडायला पोर्ट हवा. आपल्याकडे एमआरआय किंवा सीटी स्कॅन केलं की फिल्मबरोबर सीडी हातात देतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला पेशंट ती घेऊन जातो आणि त्या क्लिनिकमधल्या नव्या कोऱ्या संगणकाला ड्राइव्ह नसतो. अशा वेळी खणातला बाहेरचा ड्राइव्ह काढून लावला, की पाच मिनिटांत काम होतं. त्या ड्राइव्हची केबल बहुतेकदा यूएसबी-एच असते.

टीव्हीखाली ठेवायचं यंत्र म्हणून मिनीकडे बघणाऱ्यांची एक जुनी जमात आहे. २००६ च्या इंटेल मिनीबरोबर छोटा रिमोट यायचा, समोर इन्फ्रारेड होतं, फ्रंट रो नावाचा प्रोग्राम पडद्यावर गाणी-सिनेमे मोठ्या अक्षरांत मांडायचा, आणि हेडफोनच्याच भोकातून ऑप्टिकल केबलनं अॅम्प्लिफायरला डिजिटल आवाज देता यायचा. मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०११ च्या लायन आवृत्तीत फ्रंट रो गेला, २०१८ च्या मिनीत इन्फ्रारेड, ऑप्टिकल आणि एसडी कार्डची खाच, तिन्ही गेली. रिमोटचं मला फारसं दुःख नाही, ते काम आता टीव्हीच करतो. ऑप्टिकल जाण्याचं आहे. ज्यांच्या घरी चांगला अॅम्प्लिफायर आणि भीमसेनजींच्या रेकॉर्डिंगचा संग्रह आहे, त्यांचा अॅम्प्लिफायर वीस वर्षं सहज चालतो. एसडी कार्डचं तर कोडंच आहे, कारण कॅमेरे आजही तेच कार्ड वापरतात.

माध्यमांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी पोर्ट मोजून कळत नाही. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून नुसतं चित्र जात नाही, परवानगीही जाते. एचडीसीपी ही कुलूपव्यवस्था दोन्ही टोकांना विचारते, की तू मान्यताप्राप्त आहेस का. एक टोक नाही म्हणालं तर रीतसर पैसे भरून घेतलेला सिनेमाही दिसत नाही. २००८ च्या नव्या मॅकबुकवर आयट्यून्समधून विकत घेतलेले काही सिनेमे जुन्या मॉनिटरवर किंवा प्रोजेक्टरवर दिसायला तयार नव्हते, तेव्हा लोकांना हे पहिल्यांदा झोंबलं. ज्या शहरात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह एकाच लॉ कॉलेज रोडवर आहेत, जिथे छोट्या सभागृहांत जुना प्रोजेक्टर लावून सिनेमे बघणारी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिथे ही बाब क्षुल्लक नाही. नव्या मिनीत एचडीएमआय असेल का, एवढं विचारून भागत नाही. त्यातून काय जाऊ देणार, हेही विचारावं लागतं.

यूएसबी-सीच्या बाजूनं जे म्हटलं जातं, त्यातलं बरंच मला मान्य आहे. उलटसुलट कसंही लागतं. एकाच केबलमधून वीज, माहिती, चित्र जातं. वेग तर विचारायलाच नको. माझ्याही टेबलावर ते आहे आणि नव्या वस्तू घेताना मी तेच बघून घेतो. पण त्याच्या नावानं दोन युक्तिवाद केले जातात, ते तपासून घ्यायला हवेत.

पहिला, सगळ्या जगानं यूएसबी-सी सक्तीचं केलंय, मग अ‍ॅपलनं काय वेगळं केलं? युरोपीय संघाचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला तो फोन, टॅबलेट, कॅमेरा अशा चार्ज करायच्या वस्तूंच्या चार्जिंगपुरता. भारतीय मानक ब्युरोनं २०२३ च्या जानेवारीत टाइप-सीचं मानक जाहीर केलं, त्यामागेही प्रत्येक फोनला वेगळा चार्जर आणि त्यातून साचणारा कचरा हीच चिंता होती. टेबलावरचा मिनी चार्ज करायचा नसतो. त्याच्या माहितीच्या पोर्टला हा नियम लागूच होत नाही. उलट कचऱ्याचा मुद्दा इथे दुसऱ्या बाजूनं पडतो. धडधाकट चालणारे कीबोर्ड, स्कॅनर, हार्ड डिस्क केवळ टोक जुळत नाही म्हणून अडगळीत जातात.

दुसरा, एकच भोक म्हणजे गोंधळ संपला. गोंधळ संपलेला नाही, तो डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. पूर्वी आकार बघून कळायचं, हे मॉनिटरचं, हे डिस्कचं. २०२४ च्या मिनीला पुढे दोन आणि मागे तीन, असे पाच एकाच आकाराचे पोर्ट आहेत. या पाचांत मॉनिटर लागतो तो मागच्या थंडरबोल्टलाच. पुढच्यात तीच केबल छान बसते आणि पडदा काळाच राहतो. केबलचंही तसंच. एक केबल सेकंदाला ४० गिगाबिट नेते, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जेमतेम ४८० मेगाबिट. तपकीर गल्लीत केबल मागितली, की दुकानदार आधी विचारतो, ‘चार्जिंगची देऊ का डेटाची?’ ज्याला उत्तर माहीत नसतं तो स्वस्तातली घेऊन जातो आणि मग हार्ड डिस्क हळू चालते म्हणून हार्ड डिस्कला नावं ठेवतो. नळाला लागणारी अर्ध्या इंचाची तोटी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून आणा, वीस वर्षांपूर्वीच्या पाइपाला बसते आणि पाणी तेवढंच येतं. मानक या शब्दावर लोकांचा विश्वास बसतो तो अशानं. यूएसबी-सीत आकाराचं मानक झालं, आत काय आहे त्याचं नाव प्रत्येक खोक्यावर वेगळं.

राहिला अडॅप्टर. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, एवढा आरडाओरडा कशाला, हे सगळ्यात लोकप्रिय उत्तर. घरी एकटा माणूस वापरत असेल तर ते ठीक आहे. शाळेच्या संगणक कक्षात तीस यंत्रं असतील तर माउस आणि कीबोर्डसाठीच साठ अडॅप्टर लागतील, किंवा तीस हब. ते हरवतील, सैल पडतील, कोणीतरी घरी नेईल. त्यांची खरेदी वेगळ्या खात्यातून, वेगळ्या मंजुरीनं होईल. सरांनी तोवर पदरमोड करायची. वाटून वापरायच्या जागी सुट्ट्या अडॅप्टरवर चालणारी व्यवस्था टिकत नाही, हे ज्यांनी अशी जागा सांभाळली आहे त्यांना सांगावं लागत नाही. शिवाय अडॅप्टरचे पैसे कोण देतं हा प्रश्न उरतोच. पोर्ट काढून कंपनीचा काही खर्च वाचत असेल, तो किमतीत कमी झालेला दिसत नाही. आपल्या बिलात मात्र वाढतो.

ओरडून काही होत नाही, असं वाटत असेल तर इतिहास पाहा. २००८ साली अॅल्युमिनियमच्या मॅकबुकमधून फायरवायर काढलं, लोकांनी गदारोळ केला, आणि २००९ साली त्याच आकाराच्या १३ इंची मॅकबुक प्रोवर फायरवायर परत आलं. २०१४ च्या मिनीत रॅम बोर्डावरच डकवून टाकली होती. २०१८ साली ती पुन्हा बदलता येण्यासारखी झाली, पुढे अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप आल्यावर ती सोय पुन्हा गेली हा भाग वेगळा. २०१६ च्या मॅकबुक प्रोवर हेडफोनचा जॅक सोडला तर फक्त यूएसबी-सी आकाराचे पोर्ट ठेवले, पाच वर्षं छायाचित्रकार आणि संकलक नाराज राहिले, आणि २०२१ साली एचडीएमआय आणि एसडी कार्डची खाच दोन्ही परत आली. २०२४ च्या मिनीत पोर्ट पुढच्या बाजूला आले, हीसुद्धा लोकांची जुनीच मागणी. चालू करायचं बटण तळाशी नेलं, त्यावरही भरपूर बोललं गेलं, पण ते मला दुय्यम वाटतं.

पण कंपनीच्या मनात येईल तेव्हा देणं आणि वाटेल तेव्हा काढणं, यावर सगळं सोडून चालणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. या दोन्हींत जोडणीचा विचार यायला हवा. दुरुस्त करता येणारं पण कशालाच न जोडता येणारं यंत्र कचराच होतं. प्रत्येक पोर्टचा खरा वेग किती, त्यावर मॉनिटर चालतो की नाही, किती वॅट वीज मिळते, हे खोक्यावर ठळक छापायला लावणं फार अवघड नाही. विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांचं लेबल आपण लावून घेतलंच आहे. आणि एखाद्या पोर्टचा आधार ऑपरेटिंग सिस्टिममधून काढायचा असेल, तर निदान तीन वर्षं आधी जाहीर करावं. टेपा उतरवून घ्यायला, इंटरफेस विकायला, दुसरी सोय बघायला लोकांना तेवढा वेळ द्या.

कायद्याची वाट न बघताही एक गोष्ट इथल्या इथे करता येते. महापालिकेच्या शाळा, विद्यापीठाचे विभाग, अनुदानित कॉलेजं, ग्रंथालयं आणि हस्तलिखितं स्कॅन करणाऱ्या संस्था संगणक निविदा काढूनच घेतात. त्या निविदांत प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्कचे रकाने बारकाईनं भरलेले असतात आणि पोर्टच्या रकान्यात ‘स्टँडर्ड’ एवढंच असतं. तिथे आपल्याकडे आज काय काय जोडलेलं आहे त्याची यादी करून आकडा लिहावा. निदान चार यूएसबी-ए, त्यातले दोन पुढे. एक एचडीएमआय. इथरनेट. ऑडिओसाठी वेगळा जॅक. लागणारे अडॅप्टर पुरवठादारानं त्याच किमतीत द्यायचे. यात न बसणारं यंत्र कितीही देखणं असो, अपात्र. एवढी मोठी गिऱ्हाइकं एका सुरात बोलली, तर विक्रेते ते वरपर्यंत पोचवतात.

आणि पुढच्या मिनीची चर्चा सुरू होईल तेव्हा वैयक्तिक आवडीनिवडी थोड्या बाजूला ठेवून, आपापल्या टेबलावर काय जोडलेलं आहे ते प्रत्येकानं नाव घेऊन सांगावं. सीएनं टोकनबद्दल बोलावं, गाणाऱ्यानं इंटरफेसबद्दल, शाळेतल्या सरांनी माउसबद्दल. मागे दोन यूएसबी-ए आणि पुढे एक एसडी कार्डची खाच, एवढी माझी स्वतःची मागणी आहे. साचा पक्का होण्याआधीच ती मांडायला हवी, कारण यंत्र दुकानात आल्यावर तक्रार करून मागच्या पत्र्याला नवीन भोक पडत नाही.